उपकमाल व्यायामचाचणी

उपकमाल व्यायामचाचणी (इंग्रजी नाव : सबमॅक्सिमल एक्सरसाइज टेस्ट) म्हणजे व्यक्तीला तिच्या शक्तीच्या अखेरच्या टोकापर्यंत न नेता, त्याआधीच्या एका ठरावीक पातळीवर व्यायाम करावयास लावून तिचा ऑक्सिजनवापर आणि हृदयगती मोजण्याची पद्धत होय. या दोन राशींच्या परस्परसंबंधावरून त्या व्यक्तीची कमाल ऑक्सिजनग्रहण-क्षमता किती असावी, याचा अंदाज बांधला जातो. ही क्षमता 'व्हीओटू मॅक्स' या नावाने ओळखली जाते. हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू यांच्या एकत्रित कार्यशक्तीचे ते सर्वाधिक मान्य असे मोजमाप आहे.

ही क्षमता प्रत्यक्ष मोजावयाची तर माणसाला पूर्ण थकेपर्यंत पळवावे लागते. वृद्ध, हृदयरोगी, नुकतेच आजारातून उठलेले रुग्ण आणि व्यायामाची सवय नसलेले सामान्य लोक यांच्या बाबतीत ते धोक्याचे किंवा निदान अव्यवहार्य असते. शिवाय अशा चाचणीसाठी महाग यंत्रसामग्री आणि डॉक्टरांची उपस्थिती लागते. उपकमाल चाचणी ही अडचण टाळते. मात्र तिच्यातून हाती येते ते अनुमान असते, मापन नव्हे. हा भेद विसरला गेल्यामुळे या चाचण्यांचे आकडे अनेकदा नको तितक्या विश्वासाने वापरले जातात.

शरीरक्रियात्मक आधार

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक याने १८७० मध्ये मांडलेले तत्त्व या चाचणीच्या मुळाशी आहे. शरीराचा दर मिनिटाचा ऑक्सिजनवापर हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो : हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके, प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त, आणि धमनीतील व शिरेतील रक्तामधील ऑक्सिजनचा फरक. विश्रांत अवस्थेत ७० ठोके, दर ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त आणि दर लिटर रक्तामागे ५० मिलिलिटर ऑक्सिजनचा फरक धरला, तर ऑक्सिजनवापर मिनिटाला सुमारे २४५ मिलिलिटर येतो. सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी हा आकडा दर किलोमागे ३.५ मिलिलिटर भरतो. यालाच एक 'मेट' म्हणतात.

व्यायाम सुरू झाला की तिन्ही घटक वाढतात. परंतु ते सारख्या रीतीने वाढत नाहीत. व्यायामाची सवय नसलेल्या बहुतेक व्यक्तींमध्ये एका ठोक्यातील रक्ताचे प्रमाण कमाल क्षमतेच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढते आणि पुढे जवळजवळ स्थिर राहते. त्यानंतर वाढता ऑक्सिजन पुरविण्याचा भार मुख्यत्वे ठोक्यांच्या संख्येवर आणि स्नायूंनी रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेण्यावर पडतो. म्हणूनच मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके या पट्ट्यात हृदयगती आणि ऑक्सिजनवापर यांचा आलेख बहुतांशी सरळ रेषेत येतो. या पट्ट्याच्या खाली हृदयगतीवर मनाचा प्रभाव फार असतो. परीक्षकाला पाहूनच ज्याची नाडी धावू लागते, त्याच्या बाबतीत ९० ठोक्यांवरून काही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे स्थिरावस्था. व्यायाम सुरू करताच स्नायूंची गरज तत्काळ वाढते, पण ऑक्सिजनचा पुरवठा मागाहून येतो. मध्यम भाराच्या व्यायामात साधारण तीन मिनिटांनंतर मागणी व पुरवठा यांचा मेळ बसतो आणि हृदयगतीही एका पातळीवर टिकते. त्याआधी घेतलेली नोंद शरीराची खरी गरज दाखवत नाही. चाचणीतील प्रत्येक टप्पा तीन मिनिटांचा किंवा त्याहून अधिक ठेवण्यामागे हेच कारण आहे.

इतिहास

व्यायामातील ऑक्सिजनवापराचे पहिले पद्धतशीर मापन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्वाझिए आणि त्याचा सहकारी आर्मां सेगँ यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस केले. सेगँ स्वतःच प्रयोगाचा विषय बनला. तोंडावर मुखवटा बांधून तो पायाने पट्टी दाबण्याचे काम करी आणि त्याने घेतलेल्या ऑक्सिजनची नोंद होई. श्रमाबरोबर ऑक्सिजनवापर आणि नाडी दोन्ही वाढतात, हे या प्रयोगांत दिसून आले. प्रयोगाची चित्रे लाव्वाझिएची पत्नी मारी-आन हिने काढली असून त्यांतील एका चित्रात ती स्वतः टेबलाशी बसून टिपणे घेताना दिसते. लाव्वाझिएला १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत गिलोटिनवर चढविण्यात आले आणि हे काम अपुरे राहिले.

पुढचा टप्पा साधनांचा होता. इंग्लंडमधील क्लॉड गॉर्डन डग्लस याने १९११ मध्ये उच्छ्वासाची हवा साठविणारी रबरी कापडाची पिशवी प्रचारात आणली. ती पाठीवर बांधून माणूस चालू वा धावू शके. ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच पिशवीचा उपयोग झाला. हिल स्वतः धावत असे. त्याचा ऑक्सिजनवापर मिनिटाला सुमारे ४ लिटरपर्यंत चढला आणि वेग वाढवूनही पुढे फारसा वाढेना. कमाल ऑक्सिजनग्रहण ही संकल्पना येथून रूढ झाली.

कमाल मर्यादा ठाऊक झाल्यावर तेथपर्यंत न जाता ती कशी ओळखावी, हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, अमेरिकेत हार्वर्ड पायरी-चाचणी पुढे आली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा या गतीने पाच मिनिटे चढउतार करावयाची आणि नंतरची नाडी मोजावयाची, असे तिचे स्वरूप होते. धडधाकट सैनिकांसाठी ती ठीक होती. सर्वसाधारण माणसाला मात्र ती जवळजवळ कमाल श्रमाचीच ठरते. स्वीडनमध्ये शस्ट्रँड आणि वाहलुंड यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळा मार्ग घेतला. मिनिटाला १७० ठोके पडत असताना व्यक्ती किती भार ओढू शकते, हे त्यांनी मापदंड म्हणून स्वीकारले.

ऑस्ट्रांड-रिमिंग पद्धत

आज जिला या चाचण्यांचा मूळ नमुना मानले जाते, ती पद्धत स्टॉकहोममधील पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा रिमिंग यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. वीस ते तीस वर्षे वयाच्या, निरोगी आणि व्यायामाची सवय असलेल्या तरुण-तरुणींचे कमाल आणि उपकमाल अशा दोन्ही पातळ्यांवर त्यांनी मापन केले. त्यांना असे आढळले की, स्वतःच्या कमाल क्षमतेच्या निम्म्या भारावर काम करताना पुरुषांची हृदयगती सरासरी १२८ आणि स्त्रियांची १३८ असते. सत्तर टक्के भारावर ती अनुक्रमे १५४ आणि १६४ होते. या सरासरींवरून त्यांनी एक नोमोग्राम, म्हणजे शेजारी शेजारी उभ्या मोजपट्ट्या असलेली आकृती, तयार केली. एका पट्टीवर हृदयगती आणि दुसरीवर कामाचा भार शोधून दोन्ही बिंदू पट्टीने जोडले की मधल्या रेषेवर कमाल ऑक्सिजनग्रहणाचा अंदाज वाचता येतो. गणकयंत्रे हाताशी नसलेल्या काळात ही मोठी सोय होती.

चाचणीची कृती साधी आहे. सायकल-अर्गोमीटरवर मिनिटाला ५० फेरे या गतीने सहा मिनिटे पायडल मारावयाचे. भार असा निवडावयाचा की हृदयगती १२५ ते १७० च्या दरम्यान राहील. पाचव्या आणि सहाव्या मिनिटाच्या नोंदींची सरासरी घेतात. या दोन नोंदींत पाचपेक्षा अधिक ठोक्यांचा फरक असेल, तर स्थिरावस्था आलेली नाही असे समजून चाचणी आणखी काही काळ चालू ठेवतात. याच वर्षी व्हिल्हेल्म फॉन डोबेल्न याने घर्षणपट्ट्याच्या सायकलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा परीघ ६ मीटर सरकतो. त्यामुळे एक किलोच्या ओढीवर मिनिटाला ५० फेरे केल्यास ३०० किलोग्रॅम-मीटर काम होते, म्हणजेच सुमारे ५० वॅट. हिशेब तोंडी करता येण्याजोगा असल्याने ही सायकल जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

मूळ आकृतीत एक मोठी त्रुटी होती. ती तरुणांवरून बेतलेली असल्यामुळे वयस्कांची क्षमता ती वाजवीपेक्षा जास्त दाखवी, कारण वयाबरोबर कमाल हृदयगती घटते. इर्मा रिमिंग यांनीच, विवाहानंतर इर्मा ऑस्ट्रांड या नावाने, १९६० मध्ये वयाचा सुधारणा-गुणक दिला. पंचविसाव्या वर्षी तो १.००, पस्तिसाव्या वर्षी ०.८७, पन्नासाव्या वर्षी ०.७५ आणि पासष्टाव्या वर्षी ०.६५ आहे. म्हणजे आकृतीने ३ लिटर दाखविलेल्या पन्नाशीच्या व्यक्तीचा सुधारित अंदाज २.२५ लिटर होतो. इतका मोठा फरक एका गुणकाने पडतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ऑक्सिजनवापराचे प्रत्यक्ष मापन

चांगल्या प्रयोगशाळेत उपकमाल पातळीवरील ऑक्सिजनवापर प्रत्यक्ष मोजला जातो. व्यक्तीच्या नाकाला चिमटा लावून तोंडात झडपेची नळी देतात किंवा मुखवटा बसवतात. बाहेर पडणाऱ्या हवेचे आकारमान आणि तिच्यातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण नोंदवितात. बाहेरच्या कोरड्या हवेत २०.९३ टक्के ऑक्सिजन आणि सुमारे ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, उरलेला ७९.०३ टक्के भाग नायट्रोजन धरतात.

येथे एक चतुर युक्ती वापरली जाते. आत घेतलेली आणि बाहेर सोडलेली हवा सारख्या आकारमानाची नसते, पण नायट्रोजन शरीर वापरत नाही. त्यामुळे बाहेर आलेल्या नायट्रोजनवरून आत किती हवा गेली असेल, हे काढता येते. समजा, प्रमाण तापमान व दाबाला कोरड्या हवेत रूपांतर केल्यावर मिनिटाला ४० लिटर उच्छ्वास मिळाला आणि त्यात १६.९ टक्के ऑक्सिजन व ३.८ टक्के कार्बन डायऑक्साइड आढळला. मग नायट्रोजन ७९.३ टक्के झाला. आत गेलेली हवा ४० × ७९.३ ÷ ७९.०३ म्हणजे सुमारे ४०.१४ लिटर. तिच्यात ८.४० लिटर ऑक्सिजन होता; बाहेर ६.७६ लिटर आला. म्हणून वापर मिनिटाला १.६४ लिटर. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे जवळजवळ ५ किलोकॅलरी ऊर्जा, हे प्रमाण धरल्यास ही व्यक्ती मिनिटाला सुमारे ८ किलोकॅलरी खर्च करीत आहे.

कोविडच्या साथीनंतर घरोघरी परिचित झालेल्या ऑक्सिमीटरशी या मापनाची गल्लत होऊ नये. बोटाला लावण्याचे ते उपकरण रक्तातील हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे, एवढेच सांगते. निरोगी माणूस खुर्चीत बसलेला असो वा सायकल मारत असो, समुद्रसपाटीला तो आकडा साधारण सारखाच राहतो. मात्र त्याचा ऑक्सिजनवापर सहा-सातपट वाढलेला असू शकतो.

अनुमानाची रीत

वायूंचे विश्लेषण शक्य नसेल, तर सायकलवरील भारावरूनच ऑक्सिजनवापर काढतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्रानुसार दर किलो वजनामागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन (मिलिलिटरमध्ये) म्हणजे ७ अधिक १०.८ गुणिले वॅट भागिले वजन. उदाहरणार्थ, वीस वर्षांची, ६० किलो वजनाची एक विद्यार्थिनी घेऊ. पन्नास वॅटवर तिचा वापर १६ मिलिलिटर, म्हणजे एकूण ०.९६ लिटर, शंभर वॅटवर २५ मिलिलिटर, म्हणजे १.५ लिटर. या दोन टप्प्यांवर तिची हृदयगती अनुक्रमे ११० आणि १४० भरली असे मानू. तीस ठोक्यांमागे ०.५४ लिटर, म्हणजे दर ठोक्यामागे १८ मिलिलिटर वाढ झाली. '२२० वजा वय' या नियमाने तिची कमाल हृदयगती २०० धरली, तर १४० च्या पुढील ६० ठोक्यांत १.०८ लिटरची भर पडेल. एकूण २.५८ लिटर, म्हणजे दर किलोमागे ४३ मिलिलिटर.

हिशेब निर्दोष आहे, पण त्यातील २०० हा आकडा मोजलेला नाही. '२२० वजा वय' हा नियम १९७० च्या सुमारास अनेक जुन्या नोंदी एकत्र पाहून सुचविलेला ढोबळ ठोकताळा आहे. हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये '२०८ वजा ०.७ गुणिले वय' हे सूत्र दिले. वृद्धांच्या बाबतीत ते अधिक जवळचे आहे. परंतु कोणतेही सूत्र सरासरीच सांगते. एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या कमाल हृदयगतीत वीस ठोक्यांचा फरक असणे मुळीच दुर्मीळ नाही. वरील विद्यार्थिनीची खरी कमाल गती १९० असेल तर तिची क्षमता ४० आणि २१० असेल तर ४६ मिलिलिटर येते. ऑस्ट्रांड पद्धतीची प्रमाण त्रुटी १० ते १५ टक्के सांगितली जाते, ती अशा कारणांनी.

पायरी-चाचणी

शाळा-महाविद्यालयांत सायकल-अर्गोमीटर क्वचितच असते. तेथे क्वीन्स कॉलेज पायरी-चाचणी सोयीची पडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातील विल्यम मॅकआर्डल आणि सहकाऱ्यांनी ती १९७२ च्या सुमारास तयार केली. उंची ४१.३ सेंटिमीटर, वेळ तीन मिनिटे, गती मुलांसाठी मिनिटाला २४ आणि मुलींसाठी २२ चढउतार. थांबल्यावर उभ्यानेच पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजून तिला चारने गुणतात. मुलांसाठी कमाल ऑक्सिजनग्रहण म्हणजे १११.३३ वजा ०.४२ गुणिले नाडी, मुलींसाठी ६५.८१ वजा ०.१८४७ गुणिले नाडी. नाडी १५६ आलेल्या मुलाचा अंदाज ४५.८ मिलिलिटर येतो. कोलकात्यातील संशोधकांनी तरुण भारतीय पुरुषांवर ही चाचणी पडताळून पाहिली आणि २००४ मध्ये ती ग्राह्य असल्याचे नोंदविले.

बोटांनी नाडी मोजताना पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर उत्तरात चार ठोक्यांची चूक होते. मोजणी पाच-दहा सेकंद उशिरा सुरू केल्यास चूक याहून मोठी होते, कारण थांबताच नाडी झपाट्याने उतरू लागते. वर्गात हा प्रयोग करताना एकाने घड्याळ सांभाळावे आणि दुसऱ्याने केवळ नाडीवर लक्ष ठेवावे, हे उत्तम. बुटक्या मुलांना ही पायरी उंच पडते आणि त्यांचे पाय आधी थकतात. त्यांचा निकाल कमी आला तर दोष हृदयाचा असेलच असे नाही.

चुका आणि अपवाद

एकाच भारावर ऑक्सिजनवापर फारसा बदलत नाही, पण हृदयगती अनेक कारणांनी बदलते. या विषमतेतूनच बहुतेक चुका उद्भवतात. उन्हाळ्यात त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते आणि घामाने शरीरातील पाणी घटते; परिणामी हृदय अधिक वेगाने चालते, ऑक्सिजनची गरज मात्र तेवढीच असते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी घेतलेली चाचणी आणि त्याच व्यक्तीची डिसेंबरातील सकाळची चाचणी यांची तुलना करणे म्हणूनच अयोग्य होय. चहा-कॉफी, धूम्रपान, ताप, अपुरी झोप, नुकतेच झालेले जेवण, मनावरील ताण ही आणखी कारणे. रक्तक्षय असल्यास तेवढाच ऑक्सिजन पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. हातांनी केलेल्या कामात तेवढ्याच ऑक्सिजनवापराला पायांच्या कामापेक्षा अधिक हृदयगती लागते.

सर्वांत गंभीर अपवाद औषधांचा आहे. रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हृदयगती दाबून ठेवतात. अशा रुग्णाची गती कमी पाहून चाचणी त्याला तंदुरुस्त ठरविते, आणि नेमका ज्याला जपावयाचे त्यालाच अधिक श्रमाची मुभा मिळते. पेसमेकर बसविलेल्या किंवा हृदयाची लय अनियमित असलेल्या व्यक्तींनाही हृदयगतीवर आधारलेले अनुमान लागू पडत नाही. अशा वेळी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ही श्रमजाणिवेची मोजपट्टी उपयोगी पडते. तिच्यावर व्यक्ती स्वतःच आपल्याला श्रम किती जड वाटतात ते सांगते. निरोगी तरुणांत तो आकडा दहाने गुणला असता अंदाजे हृदयगती मिळावी, अशी तिची रचना आहे.

चाचणी सहसा अनुमानित कमाल हृदयगतीच्या ८५ टक्क्यांवर थांबवितात. छातीत दुखणे, भोवळ, असाधारण धाप, चेहरा पांढरा पडणे किंवा भार वाढूनही वरचा रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसल्यास चाचणी त्याआधीच थांबविणे बंधनकारक असते. 'उपकमाल' हा शब्द म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे.

उपयोग

एकाच व्यक्तीतील बदल टिपणे, हा या चाचणीचा सर्वांत भरवशाचा उपयोग आहे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने तीन महिने नियमित व्यायाम केल्यावर शंभर वॅटवर तिची हृदयगती १४० ऐवजी १२८ भरली, तर सुधारणा झाली हे निश्चित. तिची कमाल हृदयगती अज्ञात असल्याने येथे काही बिघडत नाही, कारण तुलना तिची तिच्याशीच आहे. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात हेच तत्त्व वापरतात.

दुसरा उपयोग श्रमिकांच्या कामाचे ओझे ठरविण्याचा आहे. आठ तासांच्या पाळीत माणसाने आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण एक-तृतीयांशाहून फार अधिक भार सतत वाहू नये, असे श्रमशरीरक्रियाशास्त्रात मानले जाते. एखाद्या कामाला मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन लागत असेल, तर ३ लिटर क्षमतेच्या माणसाला ते मर्यादेत आहे, १.८ लिटर क्षमतेच्या माणसाला तेच काम ५५ टक्क्यांवर जाते. दोघांची मजुरी सारखी आणि काम सारखे असले, तरी संध्याकाळी दोघांच्या शरीराने दिलेली किंमत सारखी नसते. शेतात किंवा बांधकामावर उच्छ्वासाची हवा गोळा करणे कठीण असल्यामुळे आधी प्रयोगशाळेत त्या व्यक्तीचा हृदयगती-ऑक्सिजन आलेख काढतात आणि मग कामाच्या जागी केवळ हृदयगती नोंदवून ऊर्जाखर्च अजमावतात.

मनगटी स्मार्टवॉचवर दिसणारा 'व्हीओटू मॅक्स'चा आकडा हाही उपकमाल अनुमानाचाच आधुनिक प्रकार आहे. घड्याळ त्वचेखालील रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून हृदयगती वाचते, चालण्या-धावण्याचा वेग उपग्रहांच्या साहाय्याने मोजते आणि दोहोंवरून क्षमता काढते. पट्टा सैल असेल, रस्ता चढणीचा असेल किंवा वापरणाऱ्याने वय चुकीचे भरले असेल, तर आकडाही त्यानुसार चुकतो. ऑक्सिजनवापर हे घड्याळ मोजत नाही.